ब्लेम भलत्याच कमिटवर थांबतंय? ओळीचा खरा इतिहास कसा गाठायचा

एका सर्व्हिसच्या कोडमध्ये ‘कुलूप मिळालं नाही तर ७०० मिलिसेकंद थांब, असं तीनदा कर’ अशा अर्थाचा तुकडा होता. (कुलूप म्हणजे एका वेळी एकाच चालू प्रोग्रामला काम करू देणारी खूण.) शेजारी कॉमेंट नाही. टीममधल्या एकीला तो आकडा उगाच मोठा वाटला. २०० केला तर काम भराभर उरकेल, असा तिचा अंदाज. बदलण्याआधी तिने ब्लेम चालवलं, हे तिचं शहाणपण. (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची ही कमांड प्रत्येक ओळ शेवटची कुणी बदलली ते सांगते.) ब्लेमने एका सहकाऱ्याचं नाव सांगितलं. त्याची कमिट, म्हणजे एकत्र नोंदलेले बदल, उघडली तर संदेश होता, ‘फॉरमॅटर लावला’, म्हणजे कोडची मांडणी यंत्राकडून एकसारखी करून घेतली. खाली तीनशेहून जास्त फायली. त्या बिचाऱ्याला त्या ओळीची गंधवार्ताही नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी.

हा बिघाड मी इतक्या टीम्समध्ये निस्तरलाय की आता हात आपोआप ठरलेल्या क्रमाने चालतात. तोच क्रम इथे लिहितोय. दरवेळी ऐकू येणारं वाक्य एकच असतं: ‘आपल्या रेपोच्या इतिहासात काही दम नाही.’ (रेपो म्हणजे कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा.) बहुतेक वेळा हे खरं नसतं. इतिहास असतो, त्याच्यावर एखाद-दोन थर चढलेले असतात, आणि ब्लेम वरच्या थरावरच थांबतं. ‘या ओळीला शेवटचा हात कुणी लावला’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर ते देतं. आपल्याला हवं असतं ते वेगळंच: हा विचार कोडमध्ये कधी आला, आणि का?

कमांड्स मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय. ते सांगणं चुकवू नका, कारण गिटमध्ये लहान आणि मोठ्या अक्षराचे अर्थ पुष्कळदा वेगळे असतात.

लक्षणं

- फाइलमधल्या निम्म्याहून जास्त ओळी एकाच कमिटच्या, एकाच दिवसाच्या नावावर आहेत.
- त्या कमिटचा संदेश ‘साफसफाई’, ‘फोल्डर बदलला’ किंवा ‘इनिशियल कमिट’ असा आहे.
- ज्याचं नाव येतं तो शपथेवर सांगतो की ही ओळ त्याने लिहिलेली नाही.
- लॉगप्रमाणे (कमिट्सच्या यादीप्रमाणे) फाइल अलीकडेच जन्मली, पण टीममधल्या जुन्या लोकांना तोच कोड बराच आधीचा आठवतो.
- ब्लेममध्ये हॅशच्या (कमिटच्या ओळखक्रमांकाच्या) आधी ^ असं टोपीचं चिन्ह दिसतं.
- कमिटमध्ये चाळीस फायली आणि संदेश दोन शब्दांचा: ‘फीचर पूर्ण’.
- एक ओळ पूर्वी होती, आता नाही, आणि ती काढल्याचं कुठल्याच डिफमध्ये (कमिटने बदललेल्या ओळींच्या यादीत) दिसत नाही.

यातलं एक लक्षण असलं तर पुढच्या दोन-तीन तपासण्यांतच काम होतं. तीन-चार एकत्र असतील तर चहाचा कप भरून बसा.

आधी एक पथ्य: कारण कळेपर्यंत ओळीला हात नाही

‘ही ओळ कशासाठी आहे ते कळत नाही, म्हणजे ती निरुपयोगी असणार’ हा तर्क किती महागात पडतो याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण डेबियनचं आहे. २००६ साली डेबियन या लिनक्सच्या ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनच्या) पॅकेजमध्ये दोन ओळी कॉमेंट करून, म्हणजे निष्क्रिय करून, टाकल्या गेल्या. न भरलेली मेमरी वाचली जातेय, अशी तक्रार मेमरी तपासणारं साधन करत होतं, ती बंद व्हावी म्हणून. दोन्ही ओळी दिसायला सारख्याच. पण त्यांतली एक ओळ रँडम आकड्यांच्या साठ्यात खरी यादृच्छिकता मिसळण्याचं काम करत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर फार तर ३२,७६८ वेगवेगळ्या शक्यता. मे २००८ मध्ये ते उघडकीस येईपर्यंत त्या पॅकेजवर बनलेल्या किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या होत्या. सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींची कामं वेगळी असू शकतात, आणि ते नुसत्या ओळीकडे पाहून कळत नाही.

तपासणी १: क्लोन अर्धवट तर नाही?

क्लोन म्हणजे तुमच्या मशीनवर उतरवलेली रेपोची प्रत. अर्धं मिनिट लागतं, म्हणून ही पहिली. चालवा: ‘गिट रेव्ह-पार्स --इज-शॅलो-रिपॉझिटरी’. उत्तर ‘ट्रू’ आलं तर तुमच्याकडे इतिहासाचं शेपूटच आलंय, ‘गिट फेच --अनशॅलो’ करून बाकीचा मागवा.

हे महत्त्वाचं का? अर्धवट क्लोनमध्ये ब्लेम खोटं बोलत नसतं. त्याच्यापुढे जी सगळ्यात जुनी कमिट असते तिथे ते थांबतं आणि त्याआधीच्या सगळ्या ओळी तिच्या नावावर टाकतं. टोपीचं चिन्ह तेच सांगतं: इथे सीमा लागली. बिल्ड चालवणाऱ्या सर्व्हरवर, कंटेनरमध्ये, ब्राउझरमधल्या एडिटरमध्ये बऱ्याचदा फक्त शेवटची एक कमिट उतरवलेली असते. वेग वाचतो, इतिहास जातो. मी स्वतः एकदा कंटेनरच्या आत बसून अख्खी दुपार पुढच्या सगळ्या तपासण्या करत होतो आणि दर वेळी तीच कमिट समोर येत होती. तेव्हापासून ही तपासणी पहिल्या क्रमांकावर आहे.

तपासणी २: फक्त मोकळी जागा बदलली का?

‘गिट ब्लेम -डब्ल्यू’, डब्ल्यू लहान. टॅबच्या जागी स्पेस, ओळ चार घरं उजवीकडे, विंडोज आणि युनिक्सच्या ओळ-अखेरींचा घोळ, हे सगळं त्याने बाजूला पडतं.

एक सावधगिरी मात्र फारसं कुणी सांगत नाही. ओळ उजवीकडे सरकली याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की ती एखाद्या ‘इफ’च्या पोटात गेली. अक्षरं तीच, पण आता ती अटीवर चालते. पायथनमध्ये तर सरकणं हाच अर्थ. डब्ल्यू हा बदल लपवतं. म्हणून मी ब्लेम दोनदा चालवतो, डब्ल्यूसह आणि त्याशिवाय, आणि जिथे उत्तर बदलतं त्या ओळींच्या दोन्ही कमिट्स उघडतो. ‘हे आधी नेहमी चालायचं, आता कधीकधीच चालतं’ अशा तक्रारींची मुळं मला इथे अनेकदा सापडली आहेत.

तपासणी ३: फॉरमॅटरची कमिट ओलांडा

फॉरमॅटर नुसती जागा बदलत नाही. तो लांब ओळ तोडतो, अवतरणचिन्हं बदलतो, शेवटी स्वल्पविराम घालतो. तिथे डब्ल्यू अपुरं पडतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून यावर थेट इलाज आहे: ‘गिट ब्लेम --इग्नोर-रेव्ह’ आणि पुढे त्या कमिटचा हॅश. अशा कमिट्स बऱ्याच असतील तर त्यांचे पूर्ण, न तोडलेले हॅश एका फाइलमध्ये ओळीला एक असे लिहा आणि रेपोमध्येच ठेवा. प्रघात ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ या नावाचा आहे. मग कॉन्फिगमध्ये ‘ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल’ला तिचा पत्ता द्या. हे सेटिंग त्या रेपोपुरतंच करा. ग्लोबल केलंत तर ज्या रेपोमध्ये ती फाइल नाही तिथे ब्लेम चालायलाच नकार देतं, आणि दोन महिन्यांनी तुम्हालाच प्रश्न पडतो की याला झालं काय.

कमिट ओलांडल्यावर कोणती जुनी ओळ कोणत्या नव्या ओळीची, हे गिट अंदाजाने जुळवतं. अंदाज कुठे केलाय ते दिसावं म्हणून ‘ब्लेम.मार्कइग्नोर्डलाइन्स’ आणि ‘ब्लेम.मार्कअनब्लेमेबललाइन्स’ ही दोन सेटिंग्ज चालू करा. पहिलीमुळे अंदाजाने जोडलेल्या ओळींपुढे प्रश्नचिन्ह येतं, दुसरीमुळे न जुळलेल्या ओळींपुढे तारा.

यादीत फक्त यंत्राने केलेल्या कमिट्स टाका. ‘फॉरमॅटिंग आणि दोन छोटे फिक्स’ अशा संदेशाची कमिट त्यात गेली तर ते दोन छोटे फिक्स ब्लेमच्या नजरेतून कायमचे उतरतात.

आमच्या ७०० वर ही तपासणी केली तेव्हा उत्तर पुढे सरकलं, पण एका नव्या भिंतीवर आदळलं: ‘फोल्डरची रचना बदलली’.

तपासणी ४: ओळ दुसऱ्या घरातून आली का?

फाइलचं नाव बदललं ही गोष्ट गिट लिहूनच ठेवत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. एक फाइल गेली, एक आली, आणि मजकूर निदान ५० टक्के सारखा असला तर दाखवताना ते म्हणतं, नाव बदललं असावं. त्यामुळे कुणी फाइल हलवताना त्याच कमिटमध्ये तिची बरीच उलथापालथ केली असेल तर धागा तुटतो. ‘गिट लॉग --फॉलो’ असल्या फाइलपाशी येऊन गप्प होतं. अशा वेळी कॅपिटल एम लावून ‘-एम३०%’ असा उंबरठा खाली आणा. फॉलो एका वेळी एकाच फाइलचा माग काढतं, फोल्डरचा नाही.

ओळी फायलींमधून इकडून तिकडे गेल्या असतील तर ‘गिट ब्लेम -सी’, सी कॅपिटल. एकदा दिलं तर त्याच कमिटमध्ये बदललेल्या इतर फायलींत शोध होतो. दोनदा दिलं तर फाइल ज्या कमिटमध्ये जन्मली तिथल्या बाकीच्या फायलीही बघितल्या जातात. तीनदा दिलं तर कुठल्याही कमिटमध्ये. तीनदा दिल्यावर मोठ्या रेपोत ते रेंगाळतं, म्हणून ‘-एल’ने, एल कॅपिटल, नेमक्या ओळींची मर्यादा घाला, म्हणजे ‘-एल १२०,१४०’ अशी.

अजून एक बारकावा. फाइलमधल्या फाइलमध्ये हललेला तुकडा ओळखायला गिटला निदान २० अक्षरं-आकडे लागतात, दुसऱ्या फाइलमधून आलेला असेल तर ४०. चिमुकली ओळ एकटीच हलली असेल तर ती सापडत नाही. ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘इथेच जन्मली’ असं नव्हे.

तपासणी ५: ओळीचा नाद सोडा, शब्दाचा माग काढा

ही माझी लाडकी तपासणी. खरं सांगायचं तर घाईत असलो तर मी थेट इथेच येतो.

ब्लेम ओळीला चिकटलेलं असतं. विचार ओळीला चिकटलेला नसतो. तो एखाद्या आकड्यात असतो, फंक्शनच्या नावात, एररच्या मजकुरात. ‘गिट लॉग -एस’, एस कॅपिटल, आणि पुढे तो शब्द, म्हणजे ज्या कमिट्समध्ये त्या शब्दाची फाइलमधली संख्या बदलली त्या सगळ्या. शब्द आला किंवा गेला, एवढंच ते बघतं. ओळ पुन्हा मांडली, सरकवली, तिच्याभोवती कंस घातले, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून फॉरमॅटिंगचा गोंगाट आपोआप गळून पडतो. ‘--रिव्हर्स’ लावलं की सगळ्यात जुनी कमिट वर येते, आणि बहुधा तीच आपल्याला हवी असते.

‘-जी’, जी कॅपिटल, याचा सख्खा भाऊ पण स्वभावाने वेगळा. तो रेग्युलर एक्सप्रेशन (शोधायच्या मजकुराचा नमुना) घेतो आणि ज्या डिफच्या वाढलेल्या किंवा वजा झालेल्या ओळींत ते जुळतं त्या सगळ्या कमिट्स दाखवतो, संख्या बदलो न बदलो. शब्द होता तिथेच आहे पण त्याच्या आजूबाजूचं काही बदललं असा संशय असेल तर जी. शब्द कधी आला किंवा कधी गेला हे हवं असेल तर एस. दोन्ही एकच समजून वापरणारे लोक एसकडून रिकामं उत्तर आलं की इतिहासाला नावं ठेवतात.

तिसरं हत्यार, ‘गिट लॉग -एल’, एल कॅपिटल, पुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, फंक्शनचं नाव, पुन्हा दोन टिंब आणि फाइल. एका फंक्शनचं पूर्ण चरित्र डिफसह समोर येतं. भाषेप्रमाणे फंक्शनची सुरुवात नीट ओळखली जात नसेल तर गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये त्या प्रकारच्या फायलींना भाषेचा ‘डिफ’ नेमून द्या.

शब्द निवडणं ही यातली कला. ७०० हा आकडा सगळ्या रेपोत शोधला तर रंगांच्या कोडपासून टेस्टमधल्या किमतींपर्यंत शंभर ठिकाणी सापडतो. म्हणून मी शोध त्या एका फोल्डरपुरता आणि त्याच्या जुन्या नावापुरता ठेवला. निघालं काय, तर ७०० आला त्याच कमिटमध्ये त्याच जागी असलेला ४०० गेला होता. म्हणजे आकडा एकदा वाढवलेला होता. मग ४०० चा माग. तो मुळापर्यंत गेला.

गायब झालेल्या फाइलसाठी वेगळी युक्ती नको, ‘गिट लॉग --डिफ-फिल्टर=डी’, डी कॅपिटल, आणि फाइलचा जुना पत्ता पुरतो. ओळ मात्र कुठल्याच डिफमध्ये न दिसता नाहीशी झाली असेल तर संशय मर्जवर, म्हणजे दोन ब्रँच (कामाच्या फांद्या) जोडणाऱ्या कमिटवर, घ्या. लॉग साधारणपणे मर्ज कमिटचा डिफ दाखवत नाही, आणि एस-जीही मर्ज सोडून देतात. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बाजूंच्या बदलांची टक्कर, सोडवताना कुणाच्या हातून ओळ सुटली तर ती नेमकी तिथेच लपते. एसबरोबर लहान ‘-एम’ द्या, आणि पत्ता देऊन शोधत असाल तर ‘--फुल-हिस्टरी’ही द्या, नाहीतर गिट इतिहास सोपा करून दाखवण्याच्या नादात ती फांदीच छाटून टाकतं.

कमिट सापडली. आता ती वाचायची कशी?

लोक इथे संदेश वाचतात, तो ‘फिक्स’ एवढाच निघतो, आणि ते निराश होतात. संदेश हा कमिटचा सगळ्यात बोलका भाग असतोच असं नाही. मी या क्रमाने बघतो.

आधी त्या कमिटमध्ये आणखी कोणत्या फायली आहेत. एसने शोधताना डिफ मागितला तर फक्त जुळलेल्या फाइलचाच दिसतो, म्हणून ‘गिट शो’ करून पूर्ण कमिट उघडा. मग त्यातल्या टेस्ट. टेस्टचं नाव पुष्कळदा संदेशापेक्षा प्रामाणिक असतं, कारण ते लिहिताना माणसाच्या डोक्यात तो बग ताजा असतो. मग आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन कमिट्स, त्याच माणसाच्या. ‘फिक्स’, ‘पुन्हा फिक्स’, ‘रिव्हर्ट’, ‘आता नक्की’ अशी साखळी असली तर कारण त्या चौघांत मिळून असतं, एकट्या शेवटच्यात नाही.

तारीख बघताना दोन तारखा असतात हे लक्षात ठेवा. लिहिल्याची एक, कमिट नोंदल्याची एक. रिबेस केल्यावर, म्हणजे कमिट्स नव्या पायावर पुन्हा लावल्यावर, पहिली टिकते, दुसरी बदलते. ‘त्या दिवशीच्या बिघाडानंतर हे आलं का?’ असं विचारत असाल तर कोणती तारीख बघताय ते तपासा.

७०० च्या कमिटचा संदेश होता ‘टायमिंग ठीक केलं’. काडीचा उपयोग नाही. पण त्याच कमिटमध्ये दुसऱ्या, लांबच्या फोल्डरमधली एक फाइल होती, आणि तिथे कुलपाची मुदत १००० वरून २००० मिलिसेकंद झाली होती. त्याआधीच्या, ४०० वाल्या कमिटमध्ये पण हीच जोडी: तिकडे १०००, इकडे ४००. आता गुणाकार करा. तीनदा ४०० म्हणजे १२००, हजारांहून जास्त. तीनदा ७०० म्हणजे २१००, दोन हजारांहून जास्त. कुलूप हातात असताना एखादी प्रोसेस मेली तर तिचं कुलूप मुदत संपल्यावरच सुटणार. थांबणाऱ्याने निदान तेवढं थांबायला हवं. २०० केलं असतं तर ६०० मिलिसेकंदांत हार मानून कामं गळली असती, आणि तीही फक्त क्रॅशनंतर, म्हणजे टेस्टमध्ये कधीच नाही.

तपासणी ६: सोबत कोण बदलतं?

वरचा शोध नशिबाने लागला असं वाटू नये म्हणून ही तपासणी. दोन फायलींमध्ये एकही इम्पोर्ट नसतो, एकही कॉल नसतो, तरी एक बदलली की दुसरी बदलावी लागते. कोड वाचून हे नातं दिसत नाही. इतिहासात दिसतं. संशोधनात याला लॉजिकल कपलिंग म्हणतात आणि १९९८ पासून त्यावर लिहिलं जातंय.

करायचं एवढंच: ‘गिट लॉग --फुल-डिफ --नेम-ओन्ली’ आणि फाइलचा पत्ता. ‘--फुल-डिफ’ विसरलात तर प्रत्येक कमिटमध्ये फक्त तीच एक फाइल दिसेल आणि तुम्ही म्हणाल, हिला कुणी सोबतीच नाही. आलेली नावं मोजा. तीसहून जास्त फायलींच्या कमिट्स मी मोजणीतून वगळतो, त्यांत सगळेच सगळ्यांचे सोबती असतात. वारंवार येणाऱ्या दोन-तीन नावांपैकी जे नाव पाहून ‘ही कुठून आली?’ असं वाटेल, तीच उघडून बघण्याजोगी.

तपासणी ७: स्क्वॉश झालेली कमिट

अनेक टीम्स पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) मर्ज करताना सगळ्या कमिट्स दाबून एक करतात. मग बारीक पावलं मुख्य ब्रँचवर उरत नाहीत आणि गिटची कोणतीही कमांड ती परत आणत नाही. इथून पुढचा माग गिटच्या बाहेर: कमिट संदेशातला पुल रिक्वेस्टचा क्रमांक, तिथली चर्चा, तिकीट (त्या कामाची नोंद). स्क्वॉश नसेल, मर्ज असेल, तर एखादी कमिट कोणत्या मर्जमधून आत आली ते ‘गिट लॉग --मर्जेस --अ‍ॅन्सेस्ट्री-पाथ --रिव्हर्स’ला त्या कमिटपासून मुख्य ब्रँचपर्यंतची रेंज देऊन काढता येतं, मग वरच्या दोन-चार मर्जमध्ये आपला असतो. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ‘फिक्सेस’ अशी खूण लिहून पुढे चुकलेल्या कमिटच्या हॅशची पहिली १२ अक्षरं देतात. ही सवय आम्ही सरळ उचलली, आणि मला आजवर दुसऱ्यांकडून उचललेल्या कुठल्याच गोष्टीचा इतका उपयोग झालेला नाही.

तपासणी ८: बायसेक्ट

ओळ कोणती हेच माहीत नसेल, फक्त वागणूक बदललीय एवढंच कळत असेल, तर ‘गिट बायसेक्ट’. दर पावलाला शोधक्षेत्र निम्मं होतं, म्हणून हजार कमिट्सना साधारण १० पावलं आणि एक लाखाला १७. ‘बायसेक्ट रन’ला एखादी स्क्रिप्ट दिली तर ते एकटं चालतं: स्क्रिप्टने ० परत केला तर चांगली, १२५ केला तर ‘ही कमिट तपासता येत नाही, सोडा’, १ ते १२७ मधलं बाकी काहीही केलं तर वाईट. १२५ विसरू नका. बिल्ड न होणारी जुनी कमिट ‘वाईट’ म्हणून नोंदली गेली की बायसेक्ट ठामपणे चुकीच्या जागी नेऊन सोडतं.

ही तपासणी इतकी खाली का? कारण जुना कोड आजच्या मशीनवर बिल्ड करणं हेच काम होऊन बसतं. लायब्ररीच्या आवृत्त्या, डेटाबेसची रचना, सगळं मागे न्यावं लागतं. वागणूक तपासणारी छोटी टेस्ट आधी हातात नसेल तर डोंगर पोखरून उंदीर निघतो.

तपासणी ९: इतिहास याच्याही आधीचा आहे का?

कधीकधी ब्लेम प्रामाणिकपणे पहिल्या कमिटवर पोचतं, आणि तिथे अख्खा कोड एकदमच अवतरलेला असतो. कुणीतरी जुन्या व्यवस्थेतून फक्त शेवटची अवस्था उचलून आणली. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण लिनक्सचंच. बिटकीपर या आधी वापरल्या जाणाऱ्या, गिटसारख्याच साधनाची मोफत सोय गेल्यावर एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं, आणि कर्नलचा गिटमधला इतिहास त्याच महिन्यात २.६.१२-आरसी२ पासून सुरू झाला. कर्नलमधल्या जुन्या ओळींचं ब्लेम आजही त्या एका कमिटवर येऊन थांबतं. त्याआधीचा इतिहास वेगळ्या रेपोमध्ये जतन आहे आणि जोडून बघता येतो.

जोडायची पद्धत अशी: जुना रेपो दुसरा रिमोट म्हणून आणा आणि ‘गिट रिप्लेस --ग्राफ्ट’ने नव्या रेपोच्या पहिल्या कमिटला जुन्याची शेवटची कमिट पालक म्हणून द्या. ही जोडणी तुमच्यापुरतीच राहते, साध्या फेचने दुसऱ्यांकडे जात नाही, त्यामुळे बिनधास्त करून बघा. जुना सीव्हीएस किंवा सबव्हर्जनचा साठा असेल तर आधी त्याचं गिटमध्ये रूपांतर करावं लागेल. सबव्हर्जनसाठी ‘गिट एसव्हीएन’ आहे. वेळखाऊ आहे, आणि ज्याच्याकडे तो जुना सर्व्हर आहे त्याच्याशिवाय होत नाही.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

साध्या ओळीसाठी माझी मर्यादा एक तासाची. पाचव्या तपासणीपर्यंत एवढ्यात होतं. पुढे शोध चालू ठेवायचा की माणसाला विचारायचं, हे त्या ओळीच्या धोक्यावर ठरवा. माणूस अजून टीममध्ये असेल तर त्याला विचारणं स्वस्त पडतं, पण ‘हे का केलंस?’ असं विचारू नका. सापडलेला हॅश, दोन्ही फायली आणि तुमचा अंदाज पाठवा आणि ‘हे बरोबर आहे का?’ एवढंच विचारा. जुन्या कमिटबद्दल कुणालाच काही आठवत नसतं, पुरावा समोर ठेवला की आठवतं.

ओळ एन्क्रिप्शन, पासवर्ड तपासणं, कुलपं-थ्रेड्स किंवा पैशांचा हिशेब यांतली असेल आणि कारण सापडलं नसेल, तर स्वतःच्या अंदाजावर ती बदलू नका. त्या विषयातल्या जाणकाराकडून तपासून घ्या, मग त्यासाठी आठवडा थांबावं लागलं तरी चालेल.

गिट ‘ऑब्जेक्ट सापडत नाही’ किंवा ‘खराब आहे’ असं म्हणू लागलं, ‘गिट एफएससीके’ या तपासणीत एरर आल्या, तर तिथेच थांबा. गार्बेज कलेक्शन (नको असलेले तुकडे पुसणारी सफाई) चालवू नका, काही पुसू नका, फोल्डरची जशीच्या तशी प्रत काढून ठेवा आणि रेपो सांभाळणाऱ्याला बोलवा. दुसऱ्या कुणाच्या तरी क्लोनमध्ये तो तुकडा शाबूत असण्याची शक्यता बरीच असते, पण तुमची धडपड जेवढी जास्त तेवढं त्याचं काम अवघड.

इतिहास पुन्हा लिहून ‘नीट’ करण्याचा मोह झाला, तर तोही तुमच्या एकट्याचा निर्णय नाही. सगळ्यांचे हॅश बदलतात, तिकिटांमधले आणि इग्नोर यादीतले संदर्भ मोडतात. आणि शोधता शोधता जुन्या कमिटमध्ये पासवर्ड किंवा की सापडली तर ती फाइल नव्या कमिटमध्ये काढून टाकून गप्प बसू नका, जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. सुरक्षा बघणाऱ्यांना त्याच दिवशी कळवा, ती की आधी रद्द करून घ्या. इतिहासातून काढायची की नाही ते ठरवणं त्यांचं काम.

त्या ७०० चं पुढे काय झालं? आकडा तोच राहिला. फक्त आता तो हाताने लिहिलेला नाही. कुलपाची मुदत घेऊन, तिला तीनने भागून, वर थोडी भर घालून तो काढला जातो, आणि कमिट संदेशात दोन्ही जुने हॅश आहेत.